बर्फावरची गाडी आणि तिच्यावरचे मूल



वसंतातल्या व्याख्यानासाठी मी बर्फाचा विषय निवडला याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. बाहेर ऊन मी मी म्हणत आहे आणि वक्ता मात्र कॅनडातल्या हिमाच्या गोष्टी सांगणार आहे. परंतु हा विषय आता आपल्याला तितकासा दूरचा राहिलेला नाही. आपल्या गावातून दर वर्षी कितीतरी कुटुंबे काश्मीर आणि हिमाचल पाहायला जातात. गुलमर्गला किंवा सोलंगच्या खोऱ्यात त्यांना एक गाडी भाड्याने मिळते. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रुंद रबरी पट्टा, आसन आणि हँडल मोटारसायकलसारखे. तिकडे तिला स्नो-स्कूटर म्हणतात, इतरत्र स्नोमोबाइल म्हणतात. तिच्यावर चार-पाच वर्षांच्या मुलाला चालकाच्या पुढ्यात बसवायचे आणि आपण बाजूला उभे राहून छायाचित्र काढायचे, ही हौस आपल्या माणसांना नवी नाही. त्या हौसेला नावे ठेवण्यासाठी मी येथे आलेलो नाही. लहान मूल आणि ही गाडी यांचा संबंध कसा जडला, तो कसा बदलत गेला आणि त्या बदलातून मुलाला सांभाळून नेण्याविषयी काय शिकायला मिळते, एवढेच मला आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

ही कथा कॅनडातल्या केबेक प्रांतात, व्हालकूर नावाच्या खेड्यात सुरू होते. तेथे १९०७ साली जोसेफ-आर्मां बोंबार्दिये यांचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचे, भावंडे पुष्कळ. मुलाला यंत्रांचे विलक्षण वेड. वडिलांनी त्याच्या हवाली एक मोडके फोर्ड इंजिन केले. मुलाने ते दुरुस्त करून एका घसरगाडीवर बसवले आणि मागे विमानासारखा लाकडी पंखा जोडला. ३१ डिसेंबर १९२२ या दिवशी, पंधरा वर्षांच्या या पोराने धाकट्या भावाला सोबत घेऊन ती गाडी गावच्या रस्त्यावरून एक किलोमीटरहून अधिक पळवली. गावकरी थक्क झाले. वडिलांनी मात्र तो उघडा फिरता पंखा पाहिला आणि गाडी ताबडतोब मोडून टाकण्याचा हुकूम सोडला. शोधकांच्या चरित्रांत अशा वडिलांना सहसा कर्मठ ठरवले जाते. मला ते तसे वाटत नाहीत. बर्फावरच्या मोटारीवर बसलेल्या मुलांच्या जिवाचा विचार करणारा हा बहुधा पहिलाच माणूस असावा, आणि त्याने केलेला विचार बरोबर होता.

त्या काळी केबेकच्या खेड्यांची हिवाळ्यात काय स्थिती असे, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचा भाग समजणार नाही. रस्त्यांवरचा बर्फ काढण्याची पद्धतच नव्हती. पहिला मोठा हिमपात झाला की मोटारी ठोकळ्यांवर चढवून ठेवायच्या आणि वसंतापर्यंत घोड्यांच्या घसरगाड्या जुंपायच्या. पत्र, धान्य, डॉक्टर, पाद्री सारे घोड्याच्या चालीने येत. बर्फावर चालणारी मोटार करण्याची धडपड अनेक ठिकाणी चालू होती. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या कार्ल इलायसन नावाच्या दुकानदाराने १९२४ साली होडीचे छोटे इंजिन लाकडी घसरगाडीवर चढवून तिला चालते केले होते. बोंबार्दिये पुढे व्हालकूरमध्ये स्वतःचे गॅरेज चालवू लागले. उन्हाळ्यात मोटारी दुरुस्त करायच्या आणि हिवाळ्यात प्रयोग करायचे, असा त्यांचा क्रम होता. १९२९ साली लग्न झाले, मुले झाली.

१९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा इव्हों पोटदुखीने तळमळू लागला. आंत्रपुच्छाला सूज येऊन ते आतल्या आत फुटले होते. रुग्णालय शेरब्रुकला, सुमारे ५० किलोमीटरांवर. रस्ते बर्फाखाली गेलेले. गॅरेजमध्ये बर्फावरच्या गाडीचा एक नमुना होता, पण तो सुट्या भागांच्या अवस्थेत पडलेला होता. मूल रुग्णालयात पोहोचू शकले नाही. ते दगावले.

या घटनेमुळेच शोध लागला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही, कारण प्रयोग आधीपासूनच चालू होते. पण त्यानंतरच्या कामाला जी निकड आली ती कोणाच्याही लक्षात येण्यासारखी आहे. लोखंडी चाके मऊ बर्फात रुततात आणि नुसते पट्टे निसटतात, ही खरी अडचण होती. रबराने मढवलेले दातेरी चाक आणि त्यावर फिरणारा रबरी पट्टा यांची जोडी जमवून बोंबार्दिये यांनी ती सोडवली. १९३७ साली त्यांना या शोधाचे पेटंट मिळाले. त्याच सुमारास त्यांची सात माणसांची गाडी बी-७ बाजारात आली आणि पुढे १९४० नंतरच्या दोन-तीन वर्षांत बारा माणसांची बी-१२ निघाली.

श्रोतेहो, या गाडीच्या रूपाकडे आपण थोडे लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे. ती आजच्या स्नो-स्कूटरसारखी मुळीच नव्हती. पुढे स्की, मागे पट्टे, पण मधे चारी बाजूंनी बंद अशी लाकडी खोली. भिंतींना जहाजाला असतात तशा गोल खिडक्या. आत बाके. डॉक्टर तिच्यातून रोग्याकडे जाऊ लागले, टपाल जाऊ लागले, रुग्णवाहिका म्हणूनही तिचा उपयोग झाला. खेड्यांतली मुले तिच्यात बसून शाळेत जाऊ लागली. मुलांना नेण्यासाठी म्हणून तिची मोठी आवृत्ती, सी-१८, काढण्यात आली. म्हणजे या वाहनाच्या इतिहासातला पहिला कालखंड हा मूल आत आणि वारा, थंडी, झाडे बाहेर, असा होता. मुलाचे रक्षण करण्याचे काम गाडीची भिंत करीत होती. बसणाऱ्या मुलाला तोल सांभाळावा लागत नव्हता, पकडून बसावे लागत नव्हते, डोके झाकण्याचीही फारशी गरज नव्हती.

ही भिंत पुढे कशी नाहीशी झाली, हीच आजच्या व्याख्यानातली मुख्य गोष्ट आहे.

तिच्या जाण्याला दोन कारणे झाली. १९४८ साली केबेक सरकारने ग्रामीण रस्ते हिवाळ्यातही मोकळे ठेवण्याचे ठरवले. रस्ते मोकळे झाल्यावर साध्या मोटारी वर्षभर धावू लागल्या आणि बंद बर्फगाड्यांची गिऱ्हाईके कमी होत गेली. दुसरे कारण इंजिनाचे. दुसऱ्या महायुद्धानंतर हलकी, लहान, भरवशाची इंजिने मिळू लागली. एका-दोघांपुरती छोटी बर्फगाडी करण्याचा जो विचार बोंबार्दिये यांच्या मनात तरुणपणापासून होता, तो आता शक्य कोटीत आला. अमेरिकेतही मिनेसोटातल्या रोझो गावी पोलारिस या कारखान्याने १९५० नंतरच्या दशकात अशीच गाडी केली होती. १९५९ साली बोंबार्दिये यांची स्की-डू निघाली. पहिल्या हंगामात तिच्या २२५ गाड्या विकल्या गेल्या. वेग ताशी सुमारे ४० किलोमीटर. तिचे मूळ नाव ‘स्की-डॉग’ ठेवायचे होते आणि मुद्रणाच्या चुकीने ते ‘स्की-डू’ झाले, अशी हकिकत सांगतात. ती कोणासाठी होती? फासेपारधी, खनिज शोधणारे आणि दूरच्या वस्त्यांत फिरणारे मिशनरी यांच्यासाठी. ज्यांना कुत्र्यांच्या गाडीवाचून गत्यंतर नव्हते, त्यांना यंत्राचा कुत्रा मिळावा हा उद्देश होता. बोंबार्दिये १९६४ साली वारले. त्यानंतरच्या सात-आठ वर्षांत काय झाले, ते त्यांनी पाहिले असते तर चकित झाले असते. १९७० नंतर उत्तर अमेरिकेत एका हंगामात सुमारे ५ लाख बर्फगाड्या विकल्या जाऊ लागल्या. त्यांतला मोठा भाग मौजेसाठी घेतला जात होता.

मौजेला घरचे सगळेच जातात. बाप पुढे, मूल मागे, कधी आणखी एक पुढ्यात. मागे दोरीने ओढायला एखादी थाळी किंवा टायरची नळी, तिच्यात शेजारची पोरे. १९७२ साली तर एका कारखान्याने मुलांनीच चालवावी अशी ६० सी.सी.ची इवलीशी बर्फगाडी बाजारात आणली. या साऱ्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. पण बंद खोलीतले मूल उघड्या खोगिरावर आले होते, आणि भिंत जे काम करीत होती ते आता कोणी करायचे, हे मात्र कोणीच ठरवले नव्हते.

ठरवण्याची वेळ अपघातांनी आणली. गाडीचा वेग वाढत गेला. २००० सालापर्यंत काही गाड्यांचे वजन २५० किलोच्या पुढे आणि वेग ताशी १४० किलोमीटरांच्या पुढे गेला होता. रुग्णालयांत येणाऱ्या मुलांच्या जखमा तपासताना डॉक्टरांना तीच तीच कारणे दिसू लागली: झाडावर किंवा दुसऱ्या गाडीवर आदळणे, वळणावर फेकले जाणे, गाडी उलटणे, ओढल्या जाणाऱ्या थाळीतून निसटणे. मृत्यूचे आणि गंभीर इजेचे प्रमुख कारण डोक्याला मार. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००० साली आणि कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञ संस्थेने २००४ साली या विषयावर आपली मते प्रसिद्ध केली. दोघांचे सार एकच आहे. सोळा वर्षांच्या आतल्या मुलाने ही गाडी चालवू नये. सहा वर्षांच्या आतल्या मुलाला तिच्यावर बसवूच नये. आणि थाळी, नळी, टायर असल्या वस्तूंत कोणाला बसवून गाडीमागे ओढू नये. आपल्या पंधरा वर्षांच्या बोंबार्दियेला हा नियम लागला असता, हे आपल्या लक्षात आलेच असेल. त्याच्या वडिलांनी तो ७८ वर्षे आधीच लावला होता!

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो प्रामाणिक आहे. उत्तर ध्रुवाकडच्या लोकांचे काय? कॅनडातले इनुइट, नॉर्वे-फिनलंडकडचे सामी यांच्या जीवनात ही गाडी १९६० नंतरच्या दशकात शिरली आणि काही वर्षांतच तिने कुत्र्यांच्या आणि रेनडिअरच्या गाड्यांची जागा घेतली. त्यांना ती हौसेची वस्तू नव्हती. शिकारीला, मासेमारीला, कळपामागे, नातलगांकडे जायला त्यांच्यापाशी दुसरे वाहनच उरले नाही. मग त्यांची मुले सहा वर्षांची होईपर्यंत घरी बसतात काय? नाही. पण ती कशी जातात हे पाहिले पाहिजे. इनुइट आईच्या अमाउती नावाच्या अंगरख्याला पाठीवर एक पिशवी असते. तान्हे मूल तिच्यात, आईच्या पाठीला लागून, तिच्याच अंगाच्या उबेत राहते आणि दोघांवर एकच टोपडे येते. मोठी मुले गाडीमागच्या कामुतिक नावाच्या लांब लाकडी घसरगाडीत, पुष्कळदा तिच्यावर बांधलेल्या खोक्यात, कातड्यांत आणि गोधड्यांत गुरफटून बसतात. सोबत कोणी जाणते माणूस असते. चालवणारा हळू चालवतो, कारण पुढे कित्येक तासांचा प्रवास असतो. म्हणजे ज्यांना मुलांना न्यावेच लागते, त्यांनी भिंत टाकून दिलेली नाही. आईच्या पाठीने किंवा लाकडी खोक्याने त्यांनी ती पुन्हा उभारली आहे.

त्यांच्याकडूनच आणखी एक गोष्ट कळते. पातळ बर्फापुढे अनुभवी कुत्रा थबकतो, वादळात घरची वाट काढतो. यंत्राला ती अक्कल नाही. ती चालवणाऱ्यापाशी असावी लागते. गोठलेल्या तळ्यावरून बर्फगाडी नेण्यासाठी निदान २५ सेंटिमीटर जाडीचा स्वच्छ, निळसर बर्फ हवा, असे कॅनडाची रेडक्रॉस संस्था सांगते. एकटा माणूस चालत जायचा तर १५ सेंटिमीटर पुरतो. ज्या तळ्यावरून काल मूल चालत गेले, त्याच तळ्यावर आज त्याला गाडीतून नेणे वेगळे आहे, हे या दोन आकड्यांवरून समजावे. मूल बरोबर असेल तर अनोळखी तळ्यावर जाऊच नये, हे सर्वांत बरे.

आता ही भिंत कशाकशाची बनलेली असते, ते आपण क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट बसण्याची जागा. या गाडीला कमरेचा पट्टा नसतो, कारण ती उलटल्यास बसणारा तिच्याखाली अडकण्याऐवजी सुटलेला बरा. म्हणून तोल सांभाळणे आणि पकडून बसणे, हे दोनच आधार आहेत. ज्या मुलाचे पाय पायपट्टीवर पक्के टेकत नाहीत आणि ज्याच्या हातांना मागची मूठ नीट धरता येत नाही, ते मूल सहा वर्षांचे असो की नऊ, अजून त्या आसनाच्या मापाचे झालेले नाही. गाडी दोघांची असेल तर तिच्यावर दोघेच बसावे आणि मूल चालकाच्या मागे असावे. तिघांसाठीच बनवलेली गाडी असेल तर मूल मधे आणि त्याच्या मागे दुसरे मोठे माणूस, अशी शिफारस कारखानदारही करतात. मधल्या मुलाला वारा कमी लागतो आणि मागच्या माणसाची नजर त्याच्यावर राहते. पुढ्यात बसवण्याचा धोका निराळाच आहे. या गाडीचा वेग उजव्या मुठीपाशी असलेल्या, अंगठ्याने दाबायच्या पट्टीने वाढतो. धक्का बसला की घाबरलेले मूल हँडल आवळून धरते, पट्टी दाबली जाते आणि थांबायला हवी तेव्हा गाडी उसळी घेते.

दुसरी गोष्ट डोके. शिरस्त्राण मुलाच्याच मापाचे हवे, चेहरा झाकणारे आणि हनुवटीखाली बांधलेले. मोठ्यांचे शिरस्त्राण आत कानटोपी घालून बसवले तर ते धक्क्यासरशी फिरते आणि त्याचे वजन कोवळ्या मानेवर येते. लांब मफलर, लोंबती नाडी, उडती ओढणी यांपैकी काहीही अंगावर नको, कारण फिरता पट्टा अगदी जवळ असतो.

तिसरी गोष्ट थंडी, आणि आपल्यासारख्या उष्ण प्रदेशातल्या माणसाची नेमकी येथेच फसगत होते. हवा शून्याखाली १० अंश असताना ताशी ४० किलोमीटरांचा वारा लागला तर उघड्या कातडीला ती शून्याखाली २१ अंशांसारखी लागते. हवा शून्याखाली २० अंशांवर गेली की तीच थंडी ३४ अंशांसारखी होते आणि दहा ते तीस मिनिटांत उघडी कातडी गोठू शकते. गाडी पळवणे म्हणजे स्वतःहून वारा निर्माण करणेच आहे. चालवणाऱ्याचे अंग हालचालीने थोडे तरी गरम राहते. मागचे मूल स्वस्थ बसून असते आणि त्याचे लहान शरीर मोठ्यांच्या मानाने लवकर निवते. इंजिनाच्या आवाजात त्याचे रडणेही पुढे ऐकू येत नाही. म्हणून पंधरा-वीस मिनिटांनी थांबावे, उतरावे आणि त्याच्या नाकाचा शेंडा, गाल, कान पाहावेत. पांढुरका डाग दिसला की फेरी तेथेच संपली असे समजावे. बर्फाने चोळू नये. आडोशाला नेऊन अंगाच्या उबेने हळूहळू गरम करावे. मूल अकारण गप्प झाले किंवा पेंगू लागले, तर ते दमले आहे असे मानून पुढे जाऊ नये.

चौथी गोष्ट चालवणारा. त्याने मद्य घेतलेले नसावे. फेरी दिवसाउजेडी, माहितीच्या वाटेवर आणि मुलाच्या बेताने असावी. इंजिन बंद करणाऱ्या कळीची दोरी त्याच्या अंगाला अडकवलेली असावी, म्हणजे तो पडला तर गाडी मुलाला घेऊन एकटी पळणार नाही. सामानाची घसरगाडी जोडायची तर ती कडक दांडीने जोडावी. दोरीने जोडलेली गाडी पुढचीने ब्रेक लावताच तिच्यावर येऊन आदळते.

आता पुन्हा गुलमर्गला येऊ. तेथे आपल्याला पुष्कळदा पाच-दहा मिनिटांचीच फेरी मिळते. गाडी दुसऱ्याची, चालवणारा अनोळखी, वाट त्याच्या पायाखालची. इतक्या थोड्या वेळासाठी एवढा विचार कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण अपघाताला पाच मिनिटेही लागत नाहीत. गाडीवाला आपलाच माणूस आहे, गरीब आहे, दिवसभर थंडीत उभा आहे. त्याच्याशी हुज्जत घालण्याचे कारण नाही. “दादा, मुलाच्या मापाचे हेल्मेट आहे का? हा मागे बसेल. सावकाश न्या,” एवढे तीन वाक्यांत सांगता येते. हेल्मेट नसेल, किंवा मूल सहाच्या आतले असेल, तर त्याच्यासाठी बर्फाचा बाहुला करावा. मुलांना तो गाडीहून कमी आवडतो, असा माझा अनुभव नाही.

भगिनींनो आणि बंधूंनो, आपल्या सैन्याने सियाचेनच्या हिमनदीवर या गाड्या वापरल्या आहेत. दूरच्या वस्त्यांत आजही त्यांवरून रोगी नेले जातात. यंत्र वाईट नाही. ज्या माणसाने ते आपल्या हातांनी घडवत नेले, त्याच्या घरातले एक मूल बर्फाने अडलेल्या रस्त्यापायी गेले होते. त्याने केलेल्या गाडीने पुढे कितीतरी मुले डॉक्टरांपर्यंत आणि शाळेपर्यंत सुखरूप पोहोचवली, तीही बंद दारांच्या, गोल खिडक्यांच्या लाकडी खोलीत बसून. ती खोली आता गेली. तिच्या जागी आपण उभे आहोत, एवढे ध्यानात ठेवून मुलाला गाडीवर बसवावे किंवा बसवू नये.